थकवा नेमका किती वाजता येतो?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

‘दिवसभर थकवा असतो, काय खाऊ?’ अशी एका ओळीची पत्रं आमच्याकडे बरीच येतात, आणि त्यांनाच उत्तर देणं सगळ्यात अवघड जातं. सकाळी उठतानाच अंग जड असेल तर कारण एक, जेवणानंतर डोळे मिटत असतील तर दुसरं, जिना चढताना धाप लागत असेल तर तिसरंच. म्हणून या वेळी ज्यांनी वेळ आणि दिनक्रम नीट लिहून पाठवला त्यांचे प्रश्न घेतले आहेत. उत्तरं आमच्या सल्लागार डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी मिळून दिली आहेत. औषधांचा उल्लेख आला आहे तिथे मात्रा आपापल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

वय ३४. कोथरूडहून हिंजवडीला जातो. सकाळी काही त्रास नसतो. दीडला डबा खातो आणि अडीच ते चार मीटिंगमध्ये अक्षरशः पेंगतो. मग चहा. दिवसाचे सहा चहा होतात, कमी केले की डोकं दुखतं. डब्यात चार पोळ्या, बटाटा किंवा फ्लॉवरची भाजी, थोडा भात. एनर्जीसाठी काय घेऊ?

आधी एक गोष्ट मान्य करू. दुपारी एक ते चारच्या दरम्यान शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो. न जेवताही तो जाणवतो. तुमच्या हातात आहे ते हा उतार किती खोल जाऊ द्यायचा, एवढंच.

तुमच्या डब्यात पिठूळ भाग सव्वाशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि प्रथिनं जेमतेम पंधरा, तीही मुख्यतः गव्हातली. असं जेवण झालं की रक्तातली साखर भराभर चढते, मग उतरते, आणि सुस्ती येते ती नेमकी तुमच्या मीटिंगच्या वेळेला. डबा बदलायला स्वयंपाकघर बदलावं लागत नाही. दोन पोळ्या, मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची मोठी वाटीभर उसळ (कोरडं धान्य साधारण ४० ग्रॅम, म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं), काकडी-गाजराची कोशिंबीर, बाटलीतलं ताक. भात हवाच असेल तर अर्धी वाटी, शेवटी. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी. तेच पदार्थ या क्रमाने खाल्ले तर साखरेची उडी लहान पडते. उसळ सकाळी करणं जमत नसेल तर रात्रीच जास्तीची करून फ्रीजमध्ये ठेवा. बटाट्याच्या भाजीवर दोन चमचे दाण्याचं कूट घातलं म्हणजे प्रथिनांचं काम झालं, असं मात्र समजू नका. त्यातून चार-पाच ग्रॅमच मिळतात.

जेवण झाल्यावर लगेच खुर्चीत बसू नका. दहा-पंधरा मिनिटं चाला, जमलं तर इमारतीबाहेर. पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि बाहेरच्या उजेडाने मेंदूला दिवस असल्याची खूण मिळते. ऑफिसातला उजेड डोळ्यांना पुरेसा वाटला तरी बाहेरच्या उजेडाच्या तुलनेत फारच मंद असतो. मीटिंगची खोली लहान आणि माणसं दहा असतील तर दार उघडं ठेवा. बंद खोलीतल्या कोंदट हवेनेही पेंग येते, तिचा दोष उगाच डब्यावर जातो.

आता चहा. दिवसभरात मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि त्यामुळे झोप येते. कॅफीन हे अ‍ॅडेनोसिन कमी करत नाही, फक्त त्याची जागा अडवून बसतं. अडवणूक संपली की साठलेली झोप एकदम अंगावर येते. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, काहींना सात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं. झोप लागते, पण उथळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेंग, पुन्हा चहा. शिवाय सहा कपांत प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर दिवसाची साठ ग्रॅम साखर चहातूनच जाते. मशीनच्या चहाची पूड बहुधा आधीच गोड असते, हेही लक्षात घ्या.

एकदम सोडल्यावर डोकं दुखतं ते कॅफीनच्या सवयीमुळे. साधारण एका दिवसात सुरू होतं आणि आठवडाभर राहू शकतं. म्हणून दर तीन दिवसांनी एकच कप कमी करा, आणि सुरुवात शेवटच्या कपापासून करा. दोन-तीन कपांवर येऊन थांबलात तरी पुष्कळ आहे. दुपारी दोननंतर मात्र नको. चहा पूर्ण सोडायची गरज नाही.

वय ४२, शाळेत शिक्षिका, सिंहगड रस्ता. सकाळपासूनच गळून गेल्यासारखं वाटतं. दुसऱ्या मजल्यावर जाताना धाप लागते, केस गळतात. हिमोग्लोबिन १०.४ आलं. चार महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, सोबत बीट, गूळ, नाचणी. आता १०.७. गोळ्या लागू पडत नाहीत का?

गोळ्या बहुतेक वेळा लागू पडतात. घेण्याची पद्धत आणि वेळ त्यांना लागू पडू देत नाही. स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. म्हणजे तुमच्या शिक्षक-खोलीतही तुम्ही एकट्या नसणार.

पत्रासोबत तुम्ही दिनक्रम लिहिला आहे: सव्वासहाला चहा, सोबत लोहाची आणि कॅल्शियमची गोळी, ‘एकदाच आठवणीने होतं म्हणून’. अडचण इथे आहे. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यातून ते शोषलंच जात नाही. कॅल्शियम तेच करतं. चार महिने तुम्ही गोळी घेतलीत, पण तिचा मोठा भाग वाया गेला.

असं करा. लोहाची गोळी रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, अर्धं लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी-दूध नाही. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. मळमळ होत असेल तर रोजच्याऐवजी एक दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. लोहाची मोठी मात्रा घेतली की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते दुसऱ्या दिवशीचं शोषण अडवतं. त्यामुळे एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतला जास्त भाग अंगी लागतो. शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरू नका. नीट शोषलं गेलं तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने चढायला हवं. आकडा बारावर गेला की गोळ्या बंद करायच्या नाहीत. साठा भरायला पुढे आणखी तीन महिने लागतात, आणि नेमकी तिथेच बहुतेक जणी थांबतात.

चार आठवड्यांनीही आकडा हलला नाही तर फेरिटिन तपासा. तो साठ्याचा आकडा आहे. १५ च्या खाली साठा संपलेला, ३० च्या खाली अनेक डॉक्टर कमीच धरतात. अंगात कुठे संसर्ग किंवा सूज असेल तर मात्र तो खोटा वाढलेला दिसतो. आणि गळती शोधा. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, दर तास-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का, गाठी पडतात का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफी करून घ्या. भोक तसंच ठेवून टाकी भरत बसण्यात अर्थ नाही.

बीट लाल आहे, पण शंभर ग्रॅममध्ये लोह एक मिलिग्रॅमही नाही. गुळाच्या खड्यातून मिळणारं लोहही नगण्य. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, लोहासाठी तितकीशी नाही. त्यापेक्षा अळीव, हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं आणि त्यावर पिळलेलं लिंबू. आमटी किंवा टोमॅटोची भाजी लोखंडी कढईत करा. आंबट पदार्थात कढईतलं लोह उतरतं. शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर चव कडवट होते. मांसाहार करत असाल तर मटण आणि कलेजी यांतलं लोह सहज शोषलं जातं.

तुम्ही शाकाहारी असल्याचं लिहिलं आहे, म्हणून बी-१२ सुद्धा तपासाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश जणांमध्ये बी-१२ कमी होतं. २०० च्या खाली कमतरता, २०० ते ३०० काठावर. दिवसाची गरज सव्वादोन ते अडीच मायक्रोग्रॅम, आणि पाव लिटर दुधातून साधारण एक मिळतं. दूध पुन्हा पुन्हा उकळलं तर त्यातूनही घट होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी पँटोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ चं शोषण आणखी कमी होतं. तपासणी बी-१२ च्या गोळ्या सुरू करण्याआधी करा, नाहीतर आकडा फसवतो. हातापायाला मुंग्या येत असतील तर वाट पाहू नका.

वय ६८, सदाशिव पेठ. सेवानिवृत्त. दुपारी दीड ते चार झोपतो, ही आयुष्यभराची सवय. उठल्यावर डोकं जड. रात्री साडेनऊला पडतो, दोनला जाग येते ती येतेच. झोपेची गोळी घ्यावी का?

पुण्यातल्या दुपारच्या झोपेवर हात टाकायचा म्हणजे धाडसच. दुकानाची १ ते ४ ची पाटी काढा, असं आम्ही म्हणत नाही. वेळ तेवढी कमी करा.

झोपेची भूक दिवसभर जागून साठते. अडीच तास दुपारी झोपलात की तिच्यातला बराच भाग तिथेच खर्च होतो. साडेनऊला पडून दोनपर्यंत साडेचार तास, दुपारचे अडीच मिळवले तर सात झाले. तुमच्या वयाला एवढी झोप पुरते. शरीराचा हिशेब बरोबर आहे, फक्त वाटणी चुकली आहे. उठल्यावर डोकं जड होतं, कारण तासाभराच्या आसपास माणूस गाढ झोपेतून उठतो. वीस-पंचवीस मिनिटांत उठलात तर ते होत नाही.

झोप एकदम बंद करू नका. दर तीन दिवसांनी अर्धा तास कमी करत पंचवीस मिनिटांवर या. अंथरुणाऐवजी आरामखुर्ची, गजर लावलेला, आणि तीनच्या आत उठायचं. रात्री साडेनऊऐवजी अकराला पडा. आधीची वेळ कंटाळ्याची असते, झोपेची नसते. दोनला जाग आली आणि वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काही वाचा. घड्याळ मात्र पाहू नका. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल तर ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. अनेकांची दोनची जाग त्या गोळीची असते. झोपेच्या गोळीने या वयात तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. ती शेवटचा उपाय.

चाकणला कारखान्यात आहे. आठवड्याला पाळी बदलते: पहिली, मग रात्रपाळी, मग दुसरी. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा चार तासही झोप होत नाही. पहाटे चारला मशीनवर डोळे मिटतात. सकाळी दुचाकीवरून घरी येताना भीती वाटते.

भीती वाटते हे बरं आहे. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं, प्रतिक्रिया मंदावतात, आणि त्यानंतर तुम्ही थेट नाशिक महामार्गावर उतरता. म्हणून सुरुवात तिथून. कंपनीची बस असेल तर रात्रपाळीच्या आठवड्यात बसनेच या. नसेल तर पाळी सुटल्यावर कँटीनमध्ये अर्धा कप चहा घ्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोकं टेकून झोपा. कॅफीन लागू व्हायला तेवढाच वेळ जातो, त्यामुळे उठताना दोन्ही हाताशी असतात. त्यानंतर निघा. घरी पोचल्यावर झोप थोडी उशिरा लागेल, ते चालेल.

झोपेची खोली. खिडकीला पडदा पुरत नाही. काचेला आतून काळा चार्टपेपर किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवा, कडा टेपने बंद करा. पंखा जोरात ठेवा, त्याच्या एकसुरी आवाजात बाहेरचे आवाज बुडतात. दाराच्या बेलचा स्विच बंद. दूधवाला, घंटागाडी, कुरियर यांपैकी एकाने जरी सकाळी दहाला उठवलं तरी पुढची झोप गेली, म्हणून घरातल्यांशी हे ठरवून घ्या. साडेआठ ते दीड अशी सलग पाच तासांची झोप पक्की धरा आणि पाळीला निघण्याआधी संध्याकाळी दीड तासाची दुसरी. एका दमात सात-आठ तास दिवसा झोपणं बहुतेकांना जमत नाही, तो हट्ट सोडा.

जेवण निघण्याआधी पोटभर, मध्यरात्रीनंतर हलकं: दोन उकडलेली अंडी, किंवा मूठभर फुटाणे आणि ताक. रात्री दोनला वडापाव आणि भजी खाल्ली की चारला डोळे मिटणारच. रात्री पचन मंद असतं. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात; दुचाकीवर निघण्याआधीचा तो अर्धा कप सोडला तर दोननंतर बंद.

पाळ्यांच्या क्रमाबद्दल युनियनमध्ये जरूर बोला. पहिली, दुसरी, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला सोपा जातो, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं आणि उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं वाटतं. तुमचा क्रम रात्रीवरून दुसऱ्या पाळीवर मागे येतो. तो बदलायला कंपनीला पैसा लागत नाही. सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी फक्त दोन-तीन तास झोपा आणि रात्री दहाला पडा.

रोज पहाटे पावणेपाचला उठून वेताळ टेकडी. रात्री झोपायला बारा होतात. व्यायाम असूनही दिवसभर गळाठा. वय ३६.

पावणेपाच तासांच्या झोपेवर टेकडी चढणं म्हणजे ओव्हरड्राफ्ट. व्यायामाने उत्साह वाढतो तो झोपेत स्नायू दुरुस्त झाल्यावर, चढताना नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम पुरेसा आहे, त्यासाठी रोजचा पावणेपाचचा गजर लागत नाही. तीन दिवस टेकडी, एक-दोन दिवस घरी पंधरा मिनिटं बैठका आणि सूर्यनमस्कार, बाकीचे दिवस सात तास झोप. आणि खाली उतरल्यावर अमृततुल्यमध्ये दोन क्रीमरोल होत असतील, तर तेही आठवड्याच्या हिशेबात धरा.

सोमवार, चतुर्थी, एकादशी असे माझे बरेच उपवास असतात. उपवासाच्या दिवशी दुपारपासून डोकं दुखतं, चिडचिड होते. वय ५१, मधुमेहाची गोळी चालू. शनिवार पेठ.

उपवासापेक्षा खिचडीकडे बघा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नाही. खिचडीत जे काही मिळतं ते दाण्यांतून. त्यात बटाटा आणि वर गोड चहा. हा उपवास पोटाला विश्रांती देत नाही आणि साखरेला झोका देतो.

वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, रताळं उकडून, दही, ताक, पनीर. दोन खाण्यांमध्ये पाणी आणि सैंधव घातलेलं ताक. डोकेदुखीचं निम्मं कारण पाणी कमी पिणं असतं. भगरीची काळजी घ्या. जुन्या, दमट साठ्यातल्या भगरीवर बुरशी धरते, आणि उपवासाच्या काळात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येत असतात. बंद पाकिटातली, तारीख पाहून घ्या, निवडून-धुऊन वापरा, पीठ दळून साठवू नका.

तुमची गोळी कोणती ते लिहिलेलं नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर न खाता ती घेतल्यावर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची खूण. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्या. उपवास मोडला तरी चालेल. उपवासाच्या दिवशीची मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

मुलगी २४ वर्षांची, कर्वेनगर. डी जीवनसत्त्व ११ आलं. मेडिकलमधून ६०,००० ची कॅप्सूल आणली, तीन आठवडे रोज एक घेते आहे. थकवा गेला नाही, उलट मळमळते.

आजच थांबवा. ही कॅप्सूल आठवड्यातून एक घ्यायची असते, साधारण आठ आठवडे. तीन आठवडे रोज म्हणजे साडेबारा लाख युनिट झाली. डी जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, आणि जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वारंवार लघवी ही त्याची लक्षणं. उद्याच डॉक्टरांकडे जाऊन कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि डी ची पातळी तपासा. तोवर कॅल्शियमच्या गोळ्याही बंद.

पुढचं नंतर. सकाळी सातचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात डी तयार करणारे किरण फारच कमी असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते ती वेळ, म्हणजे साधारण अकरा ते दोन, हातपाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं. काचेतून आलेलं ऊन चालत नाही. पुण्यातल्या मुली भर दुपारी स्कूटरवर असतात खऱ्या, पण डोळे सोडून बाकी सगळं स्कार्फ आणि सनकोटात.

एमपीएससीची तयारी, नवी पेठेत अभ्यासिका. रात्री दोनपर्यंत बसतो, दोन एनर्जी ड्रिंक घेतो. वाचलेलं लक्षात राहत नाही.

वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. रात्री दहा ते दोन जे वाचता ते टिकवायचं काम झोप करते, आणि तीच तुम्ही कापता. २५० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ७५ ते ८० मिग्रॅ कॅफीन असतं. दोन कॅन रात्री दहानंतर, म्हणजे पहाटेपर्यंत झोप उथळ. शिवाय साखर. अभ्यास बाराला संपवा, उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा, आणि अवघड विषय सकाळी घ्या. मेसचं जेवण बदलता येत नसेल तर जोडीला रोज पन्नास ग्रॅम फुटाणे किंवा दोन अंडी. मधल्या दहा मिनिटांत रील पाहिले तर मेंदूला सुट्टी मिळत नाही; जिना उतरून रस्त्यावर एक चक्कर मारून या.

वय ३९, धनकवडी. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ सगळं नॉर्मल. झोपही होते. तरी सकाळी उठवत नाही, रविवारीही नाही. आवडीचं गाणंही ऐकावंसं वाटत नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

मनाचा आजार म्हणजे खेळ नाही. रिपोर्ट नॉर्मल, विश्रांतीने फरक नाही, आणि आवडीच्या गोष्टींतला रस गेला, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर नैराश्याची शक्यता तपासायलाच हवी. त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. तोवर बोलायला टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच फोन करा आणि घरात एकाला तरी सांगा.

जोडीने एक करा. पत्रात तुम्ही सासऱ्यांची औषधं, मुलीचे क्लास, गॅस, वाणसामान असं सगळं लिहिलं आहे, आणि ‘हे मदत करतात’ असंही. मदतीत आठवण ठेवण्याचं काम तुमच्याकडेच राहतं. त्याऐवजी एक काम पूर्ण द्या. औषधं म्हणजे संपत आली का बघण्यापासून डॉक्टरांची वेळ घेण्यापर्यंत. पहिल्या महिन्यात एखाद्या वेळी घोळ होईल. जिवावर बेतणारी गोष्ट नसेल तर मध्ये पडू नका.

यजमान ५२ वर्षांचे, वजन ९४ किलो. आठ तास झोपतात, मोठ्याने घोरतात, मधेच घोरणं थांबतं आणि दचकून श्वास घेतात. परवा स्वारगेटच्या सिग्नलला गाडीत डुलकी लागली. बाणेर.

आठ तास अंथरुणात असतात, पण त्यांची झोप होत नाही. हा स्लीप अ‍ॅप्निया असण्याची दाट शक्यता आहे: घशातली वाट मिटते, प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा करतो, आणि हे एका रात्रीत अनेकदा होतं. त्यांना आठवत नाही, म्हणून तुमचं निरीक्षण महत्त्वाचं. रात्री मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं चित्रण करा, श्वास थांबलेला दिसेल असं. ते आणि गळ्याचा घेर (४० सेंमीपेक्षा जास्त असेल तर शक्यता वाढते) घेऊन कान-नाक-घसा किंवा छातीविकार तज्ज्ञांकडे जा. झोपेची तपासणी आता यंत्र घरी आणूनही एका रात्रीत होते. निदान पक्कं झालं तर सीपॅप यंत्राने (मास्कमधून हवेचा दाब देऊन ते घशातली वाट उघडी ठेवतं) बऱ्याच जणांना काही दिवसांतच फरक जाणवतो. पहिल्या आठवड्यात मास्कचा वैताग येतो आणि तिथेच अनेक जण सोडून देतात; मास्कचं माप बदलून मिळतं, ते मागा. रक्तदाब तपासा, कारण या आजारात तो अनेकदा गोळ्यांना जुमानत नाही. रात्रीचं मद्य आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही बंद, घशाचे स्नायू त्यांनी आणखी सैल पडतात. कुशीवर झोपवा.

आणि उपचार सुरू होईपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवा.